पोकळ तळवा

३ नोव्हेंबर

सूनबाई,

तुला आशीर्वाद, आणि आजीकडून मुंगीच्या दोन्ही गालांचे पापे. तिच्या गालाला अजून शाई लागते का? लागत असेल तर आधी पूस आणि मग माझा पापा दे, नाही तर इथं माझं तोंड निळं व्हायचं.

पत्ता तुझ्या मावशीनं दिला. तिला बोल लावू नकोस. मी तिच्या दारात बसून इतकी बडबड केली, की बिचारीनं पत्ता देऊन आपली सुटका करून घेतली.

समोर तुझा नवरा बसलाय. खुर्चीत पुढं वाकून, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर. तसं बसलं की श्वास जरा आत जातो म्हणे. आपले पैलवान आता उलट्या झालेल्या छत्रीसारखे दिसतात, नुसत्या काड्या. काय लिहायचं ते तो सांगतोय आणि मी लिहितेय. मी गावच्या शाळेत चार बुकं तरी शिकले. हा शाळेत गेला आणि त्याच आठवड्यात मास्तरांच्या अंगावर पाटी फेकून परत आला, ते तुला ठाऊकच आहे.

म्हणतोय, "लिही, मी बदललोय." लिहिलं.

म्हणतोय, "लिही, घर तिचं आहे, तिनं यावं." लिहिलं.

म्हणतोय, "लिही, मुंगीची आठवण..." इथं त्याला खोकला आला आणि पुढचं काही सांगताच आलं नाही. म्हणून एवढं मला खरं वाटलं.

दुखणं असं. फरशीच्या कारखान्यात इतकी वर्षं दगड घासला, ती धूळ छातीत जाऊन बसली. डॉक्टरांनी उजेडावर धरून फोटो दाखवला. मी म्हटलं, ही तर माझी पिठाची चाळणी. त्या धुळीवर कफ धरतो, आणि तो इतका चिकट की डिंक परवडला. खोकून खोकून डोळे बाहेर येतात, गळ्याच्या शिरा दोरीसारख्या ताठ होतात, पण सुटत काही नाही.

आता एक तपकिरी औषध दिलंय, बाटलीतलं. कफ पातळ करतं. त्यावर कढत पाणी प्यायचं, भरपूर. मग वाफ घ्यायची. आणि मग येते खरी गंमत. छातीच्या दवाखान्यात एक बाई आहे, लोकांच्या पाठी बडवायचा तिला पगार मिळतो. मी तिला थोपटबाई म्हणते, तिला आवडतं. तिनं मला शिकवलं. रोग्याला खाटेवर पालथा घालायचा, पोटाखाली उशा, कंबर वर, डोकं खाली. आपली बोटं जुळवायची, अंगठा आत घ्यायचा, तळवा वाटीसारखा करायचा आणि पाठीवर खालून वर थापत जायचं. आवाज पोकळ आला पाहिजे, रिकाम्या डब्यावर थाप मारल्यासारखा. आवाज चपटा आला म्हणजे हात सपाट पडला. तो नुसता लागतो, कफ काही सुटत नाही.

मी विचारलं, "दिवसातून किती वेळा मारायचं?"

"सकाळ-संध्याकाळ, आजी."

"दुपारी मला तसं काही काम नसतं."

ती भिंतीला टेकून हसली. मी हसले नाही, मी खरंच विचारत होते.

तर सूनबाई, तुझ्या नवऱ्याला मी रोज बडवते आणि वर डॉक्टरांची शाबासकी घेते. सासूचं एवढं सुख बघायला तरी ये. आता हे त्यानं सांगितलेलं नाही, माझं मी लिहितेय. ये तू. तो माझा हात धरून आई आई करतो. इतका मऊ मी त्याला दात यायच्या आधी पाहिला होता.

तुझी ती दोन बोटं वळतात का आता?

तुझी सासू


१९ नोव्हेंबर

सूनबाई,

पत्र मिळालं. मी नळावर होते, म्हणून पोस्टमननं ते पैलवानांच्या हातात दिलं. मी आले तर पाकीट उलटंसुलटं करून त्याचा वास घेत बसला होता. मी वाचून दाखवलं, थोडं गाळून. पत्र मला परत दिलं, पण पाकीट ठेवून घेतलं. त्याच्या मागं तू तुझा सगळा पत्ता लिहिलायस, खोली नंबरासकट. आता ते खिशात घालून बसतो. शेजारची शिंपीण म्हणाली, "प्रेमपत्र जपतोय वाटतं." मी म्हटलं, असेल बाई.

पत्ता काय आहे, असं त्यानं मला विचारलं. मी भलत्याच गावाचं नाव सांगितलं. का, ते विचारू नकोस. जिभेची जुनी खोड.

तुझं अक्षर वाकडं झालंय. आमच्या मास्तरांनी पाहिलं असतं तर बोटांवर रूळ हाणला असता. पण तुझ्या बोटांवर आता मास्तरांना जागा कुठं उरलीय.

तू सरळच विचारलंस, हात उगारतो का. अगं, त्याला सदऱ्याच्या बाहीत हात घालता येत नाही, मला घालून द्यावा लागतो. तो काय उगारणार.

या पत्रातल्या ओळी खालीवर गेल्यात त्या चालवून घे. डोळा सुजलाय. कपाटाचं दार उघडं राहिलं होतं आणि मी वाकले. म्हातारपण म्हणजे घरातलं सगळं सामान आपल्या अंगावर येतं.

औषधाची एक मजा सांगते. ते घेतलं की पहिल्यांदा खोकला वाढतो. बरोबरच आहे, कफ सुटला की तो बाहेर यायला बघणार. पण पैलवानांच्या डोक्यात बसलंय, की आईनं बाटलीत काहीतरी कालवलंय. म्हणून आता रोज आधी मी एक चमचा प्यायचा, त्याच्या डोळ्यांसमोर. थोडा वेळ मी मरते का ते बघायचं आणि मग त्यानं प्यायचा. तुझे सासरे गेल्यापासून मला कुणी चमच्यानं भरवलं नव्हतं. हा भरवतो, जबडा धरून. माझी छाती सध्या घासलेल्या पातेल्यासारखी लख्ख आहे, हाक मारली तर आत घुमते.

मुंगीची शाळा बंद झाली की सुट्टीत येतेस म्हणालीस. त्याला सांगितलं. त्यानं खिशावर हात ठेवला. येशील तर ये. नाही तर इथं यंदा थंडी फार आहे, पोरीला बाधेल. गाडीलाही गर्दी असते. बघ, तुझं तू.

आणि हो, यापुढं पत्र शिंपिणीच्या नावानं टाक. आमचा पोस्टमन वेंधळा आहे.

तुझी सासू


८ डिसेंबर

सूनबाई,

येऊ नकोस.

हे आधी लिहून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र हरवलं तरी चालेल. शिंपिणीच्या कापडं कापायच्या टेबलावर बसून लिहितेय. ती मशीन जोरात चालवतेय, म्हणजे मी रडले तर ऐकू जाणार नाही असं तिला वाटतं. मी कुठली रडतेय. पण चालवू दे, तिचं कामही होतंय.

त्या कपाटाच्या दाराला चार बोटं आणि एक अंगठा होता.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा त्याची छाती पार तुंबलेली होती. मला वाटलं, माणूस बदलला. त्याला नुसता दम नव्हता गं. औषध लागू पडतंय. सकाळी थापलं की वाटी भरते, राखाडी, हिरवं, तोडलं तर तुटायचं नाही असं. ते निघालं की त्याच्या ओठांना रंग येतो आणि पोटभर श्वास येतो. त्या श्वासावर पहिली शिवी येते. शिवीमागून हात. मी जितकी चांगली थापते तितका संध्याकाळी जास्त मार खाते. थोपटबाई म्हणते, "आजी, तुमच्या हाताला गुण आहे." मी म्हटलं, "हो, वळ पण आहेत."

त्याला औषधाचा राग का, तर खोकला. मग कारखान्यातला मुकादम भेटायला आला आणि दुसरीच बाटली घेऊन आला. हिनं खोकला जागच्या जागी बंद होतो म्हणाला. मी सांगितलं, थोपटबाईनं बजावलंय, आत कफ असताना खोकला बंद करायचा नाही. खोकला म्हणजे घराचा झाडू. झाडूच काढून घेतला तर कचरा जाणार कुठं? मुकादम म्हणाला, "मावशी, तुम्ही डॉक्टर कधी झालात?" पैलवान हसले. मी ती बाटली उचलायला गेले तर पैलवानांनी वाफेचं पातेलं माझ्याकडं लोटलं. एक पाय वाचला. वाचलेल्या पायानं आता इथवर लंगडत आले.

तो मुकादमाची बाटली प्यायला लागला, आणि घर शांत झालं.

काय ती शांतता, सूनबाई. तुला आठवतं का, तो रात्रपाळीला असला की आपण दोघी दारं उघडी टाकून केस विंचरायचो? तशी. खोकला नाही, शिवी नाही. खुर्चीत गुंगून बसायचा, डोळे अर्धे मिटलेले. मी दुपारची झोपले. गाणं म्हटलं, तेही पुरं, सगळी कडवी.

मग एका दुपारी मी भाजी चिरत होते. त्याच्या छातीतून आवाज यायला लागला, ओलं फडकं पिळल्यासारखा. मान वर करून बघते तर ओठ जांभळे, नखं जांभळी. तोंड उघडं आणि आत काही जात नाही. माझ्याकडं बघत होता. हाक मारता येत नव्हती.

मी भाजी पूर्ण चिरली. खोटं सांगत नाही. पूर्ण चिरली, सुरी धुतली आणि मग उठले.

उठले ती मात्र भाजल्या पायानंच धावत. खुर्चीतून त्याला खेचला, खाटेवर आडवा टाकला, डोकं खाली लोंबतं ठेवलं आणि थापत सुटले. माझे खांदे निखळायला आले. चमच्याच्या दांड्यानं दात फाकवले, दोन बोटं घशात घातली. हाताला जाड, चिकट दोरी लागली. ती ओढली. तो कडकडून चावला. वाटीत कफ किती आणि माझं रक्त किती ते कळत नव्हतं. मग तो ओकला आणि श्वास घेतला.

शिंपिणीच्या नवऱ्यानं रिक्षातून दवाखान्यात नेलं. डॉक्टर मुकादमाच्या नावानं शंख करत होते. त्या बाटलीचं बूच उघडून मी ती मोरीत उपडी केली. पुन्हा तपकिरी औषध सुरू झालंय, पुन्हा आधी माझा चमचा.

आता जे सांगायला बसले ते. तू सुट्टीत येणार यावर त्याचा विश्वास नाही. म्हणतो, "ती नाही येत. मी आणतो." डॉक्टरांनी त्याला रोज थोडा जिना चढायला सांगितलाय, आणि त्यानं स्वतःशी ठरवलंय, ज्या दिवशी न थांबता गच्चीवर पोचला त्या दिवशी तुझी गाडी पकडायची. त्याला वाचता येत नाही, पण गाडीवाल्याला पाकीट दाखवता येतं.

काल पहिल्या मजल्यावर बसून खोकत होता. मी खाली उभी राहून ऐकत होते. एवढा गोड खोकला मी जन्मात ऐकला नाही.

तुझी सासू


२१ डिसेंबर

सूनबाई,

तुझं पत्र शिंपिणीनं ब्लाउजच्या घडीत घालून दिलं. तू एकच ओळ मोठ्या अक्षरात लिहिलीस, आई, मग औषध देताच का?

दोन दिवस उत्तर शोधतेय. चांगलंसं सापडलं नाही, जे आहे ते लिहिते. तो तान्हा असताना त्याची छाती भरायची. तेव्हा औषध नव्हतं आणि थोपटबाई नव्हती. मी त्याला मांडीवर पालथा घालून थोपटत बसायची. त्याच्या पाठीवर डाव्या खांद्याखाली एक तीळ आहे, तुलाही माहीत असेल. पालथा पडला की तोंड दिसत नाही गं, तोंड खाली असतं. फक्त तो तीळ दिसतो. मग हात आपोआप वाटी होतो. उताणा झाला की पुन्हा तो तोच.

हसशील तू. हस.

चौकीत जा असंही लिहिलंस. गेले होते. हवालदार घरी आला. पैलवान खुर्चीत वाकून असे खोकले की भिंतीवरचा आरसा हलला. हवालदारानं त्याला पाणी दिलं आणि जाताना मला म्हणाला, "आजी, यांची काळजी घ्या." माझा सुजलेला डोळा त्याच्याकडं बघत होता, पण तो बुटाची नाडी बांधत होता.

पाकीट चोरायचा एक डाव खेळून पाहिला. प्लास्टिकमध्ये गुंडाळून आता ते तो मुठीतच ठेवतो, थापताना सुद्धा मुठीत घेऊन पालथा पडतो. जेवणानंतर खुर्चीत डुलकी लागली होती, मूठ सैल पडली होती. मी दोन बोटांत कोपरा धरला. तेवढ्यात जागा झाला. माझं बोट धरलं आणि मागं मोडलं. सावकाश. माझ्याकडं बघत. काडी मोडल्यासारखा आवाज आला. तुझ्या वेळी दाराच्या फटीत तुझी बोटं घालून त्यानं दार लावून घेतलं, तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि मला वाटलं, कुणाच्या हातून पोळपाट पडला. आता मला तो आवाज कळला. आता आपण सासू-सुना शोभतो.

खाटेखाली पिशवी भरून ठेवलीय. एक सदरा, टॉवेल, आणि कारखान्यातला दगड फोडायचा हातोडा. मी म्हटलं, "हे कशाला? सासुरवाडीला भेट म्हणून?" म्हणाला, "तिनं दार उघडलं नाही तर." मी विचारलं, "आणि उघडलं तर?" हातोड्याचा दांडा सैल झाला होता, तो ठोकत बसला.

नोकरी सोडून, पोरीची शाळा सोडून कुठं जाऊ, असं तू विचारतेस. खरं आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलाय. वर गच्चीला जायला पायऱ्या उरल्यात त्या थोड्या उंच आहेत, एवढंच.

मुंगीनं काढलेलं चित्र मिळालं. मला तीन पाय काढलेत. तिला सांग, सध्या आजीला चालतो तो एकच, पण मोठ्या मनानं तीन घेतले.

तुझी सासू


४ जानेवारी

सूनबाई,

हे शेवटचं पत्र. घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे, जीभ तर जास्तच.

परवा तो न थांबता गच्चीवर गेला. मी जिन्याच्या तळाशी उभी राहून पावलं ऐकत होते. एकदाही थांबली नाहीत. वरून ओरडला, "ऐकलंस का, म्हातारे?" सगळ्या इमारतीनं ऐकलं. खालच्या मजल्यावरचे मास्तर मला म्हणाले, "अभिनंदन, मुलगा बरा झाला तुमचा."

काल सकाळी पिशवी दाराशी आली. मला म्हणाला, "चल, बडव. गाडीत खोकला नको."

औषध काढलं. आधी माझा चमचा, मग त्याचा. कढत पाणी. वाफ. सदरा काढून तो पालथा पडला, पोटाखाली उशा, डोकं खाली, पाकीट मुठीत. मी थापायला लागले. मोडकं बोट फडक्यात बांधलेलं होतं, तरी काय आवाज येत होता, सूनबाई. डब्यासारखा. थोपटबाई असती तर तिनं मला नोकरी दिली असती. कफ सुटला. ते हाताला कळतं, पाठीखालून काहीतरी सरकतं. सरकत सरकत घशाशी येतं. तिथं आलं की रोग्याला कुशीवर वळवायचं, वाटी धरायची आणि दोन खांद्यांच्या मधे जोरात थापायचं, म्हणजे गोळा पडतो.

गोळा घशाशी आला. मी हात थांबवले.

थांबवले आणि त्याच्या कमरेवर बसले. तुझी सासू वजनाला कमी नाही, माझ्यामुळं तुमच्या लग्नातली खाट मोडली होती, आठवतं ना. डोकं खाली, उशा पोटाखाली, वर मी. वळता येईना, उठता येईना.

मी म्हटलं, "पाकीट दे."

त्याला बोलता येत नव्हतं. एक हात फरशीवर फिरत होता, नखं फरशीवर वाजत होती. त्याच फरश्या, त्यानंच घासलेल्या. पाय मागं झाडले, एक लाथ माझ्या पाठीत बसली. मी हलले नाही. मानेच्या शिरा दिसत होत्या, कान निळे होत होते. मी म्हटलं, "पोरीची आई दार उघडेल. तिला सवय आहे, कुणी ठोठावलं की उघडायची. म्हणून तू जायचं नाहीस. पाकीट दे."

किती वेळ बसले ते सांगणार नाही. भाजी चिरून, सुरी धुवून झाली असती.

मूठ उघडली.

पाकीट घेतलं आणि चोळीत खोचलं. मग एकदा तळवा सपाट केला. पाठीच्या बरोबर मधे एक ठेवून दिली. तुझ्या दोन बोटांची आणि माझ्या एकाची. पाचही उमटली, तिळाच्या शेजारी. त्यानं कफ काही सुटत नाही, थोपटबाईनं सांगितलंच होतं. मग उतरले, त्याला कुशीवर घेतला, तळवा पुन्हा वाटी केला आणि थापलं.

गोळा वाटीत नाही पडला, भिंतीपर्यंत गेला. रक्तानं माखलेला. मग त्यानं श्वास ओढला. तसा आवाज मी आधी एकदाच ऐकला होता, तो जन्मला तेव्हा.

तसाच पडून होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. मग म्हणाला, "आई, तू मला मारलं असतंस."

"हो," मी म्हटलं.

"खरंच?"

"चहा ठेवू का?"

पाकीट शेगडीत घातलं, त्यावरच त्याच्या वाफेचं पाणी तापवलं. तुझा पत्ता त्याच्या छातीत गेला, पण वाफ होऊन. हातोडा शिंपिणीला दिला, वाऱ्यानं कापड उडू नये म्हणून ती टेबलावर ठेवते. तिचा नवरा आता जेवायला बसताना हातोड्याकडं बघून बसतो. तिला बरं वाटतंय.

पैलवान पुन्हा खुर्चीत आहेत. ताप आहे, जिना बंद आहे. औषध चालू आहे. आता मला आधी प्यायला लावत नाही. विष घालायचं झालं तर मी त्याला सांगून घालीन, एवढं त्याला कळलंय.

पण मला माहीत आहे, औषध गुणाचं आहे. उन्हाळ्यापर्यंत तो पुन्हा चढेल. पाकीट जळलं, तरी माझ्या डोक्यात तुझा पत्ता आहे, पाठ झालाय, खोली नंबरासकट. आणि मार बसला की माणूस बोलतं गं. मी काही वेगळ्या मातीची नाही. बोट मोडलं तेव्हाच तुझ्या गावाचं नाव ओठावर आलं होतं, दातांनी मागं ढकललं. दुसऱ्या बोटाला ढकलता येईल का, सांगता येत नाही.

म्हणून हे पत्र मिळालं की खोली बदल. नोकरी तीच ठेव, शाळा तीच ठेव, गाव मोठं आहे. नवी खोली मला कळवू नकोस. शिंपिणीला नको, मावशीला तर नकोच, तिच्या दारात मी बसले तर ती दुसऱ्यांदा सांगेल. मला माहीत नसेल ते माझ्यातून कुणी काढणार नाही. पत्र पाठवू नकोस. मुंगीचं चित्रसुद्धा नको. तीन पायांचं एक आहे, ते मी पिठाच्या डब्यात ठेवलंय, त्या डब्याला तो हात लावत नाही.

एक काम राहिलं. तुला हे समोर बसून शिकवायचं होतं, ते झालं नाही. मुंगीला कधी खोकला झाला, छाती वाजली, तर खोकला बंद करायच्या भानगडीत पडू नकोस. डॉक्टरांना दाखव, कढत पाणी पाज, आणि ते थोपटायला सांगतील तेव्हा मांडीवर पालथी घाल. खालून वर. आवाज चपटा आला तर थांब, हात नीट कर, मग पुन्हा. पोकळ आला म्हणजे बरोबर. बोटं वाकडी आहेत म्हणून जमणार नाही असं वाटून घेऊ नकोस. सरळ बोटांना मुद्दाम वळवावं लागतं. माझं हे एक मोडल्यापासून वाटी आपोआप होते.

तुझी सासू